हरवलेला तिसरा भाग: सापडावा की न सापडावा?

भुयारी_मार्ग:
नमस्कार मंडळी. दोन आठवडे एकाच गोष्टीने डोकं खाल्लंय, घरात कोणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे धागा.

लंडनला येऊन सहा वर्षं झाली. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा गोरा साठीला टेकलाय आणि 'डॉक्टर हू'चा भक्त आहे, भक्त म्हणजे आपल्याकडे लोक वारी चुकवत नाहीत तसा. त्याच्या नादाने मी जुने कृष्णधवल भाग बघायला घेतले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीबीसीची मालिका, २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, 'डॉक्टर' म्हणवणारा एक विक्षिप्त म्हातारा निळ्या पोलिसी खोक्यात बसून काळात मागेपुढे हिंडतो, बाकी सगळं त्यावर रचलेलं. तर मी 'वेब ऑफ फिअर' लावली. १९६८ ची सहा भागांची गोष्ट, लंडनच्या भुयारी रेल्वेत यती शिरतात. हो, आपला हिमालयातलाच यती, गोधडी पांघरून निघाल्यासारखा दिसतो. पहिला भाग झाला, दुसरा झाला, तिसरा लावला तर पडद्यावर नुसते फोटो. आवाज चालू, चित्र हलत नाही. मला वाटलं नेट गेलं, राउटर बंद करून चालू केला.

दुसऱ्या दिवशी गोऱ्याने सांगितलं की नेट ठीक आहे, भाग हरवलाय. बीबीसीने साठच्या दशकातले ढीगभर भाग पुसून टाकले होते. मग फिलिप मॉरिस नावाच्या माणसाला नायजेरियातल्या जोस गावी एका टीव्ही केंद्रात धूळ खात पडलेले फिल्मचे डबे मिळाले, २०१३ च्या ऑक्टोबरात जाहीर झालं. हरवलेले नऊ भाग एकदम परत. त्यात 'वेब ऑफ फिअर'चे चार (पहिला आधीपासून होताच). फक्त तिसरा नाही! मॉरिसचं म्हणणं असं की त्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिसऱ्याचा डबाही तिथे होता, नंतर माल लंडनला येईपर्यंत तेवढाच गायब. आणि गंमत म्हणजे लेथब्रिज-स्ट्युअर्ट हे पात्र, जे पुढे वर्षानुवर्षं मालिकेत राहिलं, ते पहिल्यांदा येतं याच भागात.

तर प्रश्न दोन. कोणाकडे असेल तो डबा? आणि दुसरा, जो मला जास्त छळतोय: गोरा म्हणतो न सापडलेलाच बरा. हा काय प्रकार आहे?

खारे_दाणे:
पहिला नंबर माझा. आता वाचतो.

खारे_दाणे:
वाचलं. यतीला संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर सोडा, आपोआप माघारी जाईल.

शंकासूर:
मला मूळ गोष्टच पटत नाही. एवढी मोठी संस्था, एवढी लोकप्रिय मालिका, आणि पुसून टाकली? कोणी मुद्दाम केलं का? आग बिग लागली असेल.

जुना_टेपवाला:
शंकासूर, आग नाही, काटकसर. मी ऐंशीच्या दशकात एका छोट्या स्टुडिओत टेपांच्या खोलीत कामाला होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

तेव्हाची टेप म्हणजे दोन इंच रुंदीचं अवजड रीळ, भयंकर महाग, आणि तिचा सगळ्यात मोठा गुण म्हणून विकणारे हाच सांगायचे की पुसून पुन्हा वापरता येते. त्यात तिकडे नटांच्या संघटनेशी करार असे, की एखादा कार्यक्रम ठराविक मुदतीत आणि ठराविक वेळाच पुन्हा दाखवायचा. मुदत संपली की कपाटातल्या टेपचा उपयोग शून्य. घरी कॅसेट विकत मिळेल, लोक विकत घेतील, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. वर रंगीत टीव्ही आला, मग काळंपांढरं कोण बघतंय.

आता भुयारी_मार्ग म्हणतात ते डबे कुठून आले? टेप परदेशी पाठवत नसत. टीव्हीच्या खास पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा लावायचा आणि कार्यक्रम १६ मिमी फिल्मवर उतरवून घ्यायचा. ही फिल्म जगात कुठलंही केंद्र चालवू शकतं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, सिंगापूर, सायप्रस, झांबिया, नायजेरिया असे ते डबे फिरायचे. दिवाळी अंकांची फिरती लायब्ररी असते ना, जोशींकडून कुलकर्ण्यांकडे, कुलकर्ण्यांकडून देशपांड्यांकडे, तसंच. शेवटच्याने परत पाठवायचे किंवा नष्ट केल्याचं कळवायचं. आणि शेवटच्या घरी अंक राहून जातो हे तुम्हाला माहीत आहेच.

म्हणजे झालं असं, की टेप पुसणारं खातं वेगळं, फिल्म विकणारं वेगळं. पहिल्याला वाटे दुसऱ्याकडे प्रत आहे, दुसऱ्याला वाटे पहिल्याकडे मूळ आहे. दोघांनी आपापली जागा रिकामी केली. १९७८ मध्ये कुठे हे थांबलं.

आमच्या स्टुडिओत यू-मॅटिक कॅसेट होत्या, पुस्तकाएवढ्या. खाली एक लाल बटण असायचं, ते काढून टाकलं की त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नसे. आमच्याकडे त्या बटणांची एक बरणी भरलेली होती, लोणच्याची. साहेब येऊन म्हणायचे टेप संपल्यात, उद्या शूटिंग आहे, की मी बरणीतून बटणं काढून परत लावत बसायचो. लेबलावर लेबल, त्यावर लेबल. कोणाची मुलाखत होती, कोणाचं गाणं होतं, मी स्वतः पुसलंय. एकदा एक म्हातारे शाहीर येऊन विचारत होते, माझा कार्यक्रम आहे का हो. मी म्हटलं शोधतो. मला माहीत होतं कुठे गेला ते.

चकली_ताई:
बापरे टेपवाले, शेवटचा परिच्छेद वाचून पोटात गोळा आला.

शंकासूर:
पटलं. पण मग सरळ म्हणा ना निष्काळजीपणा. काटकसर कसली.

नको_तो_वाद:
शंकासूर, तुम्ही कालचं वर्तमानपत्र जपून ठेवता? व्हॉट्सअॅपवर आलेली व्हॉइसनोट ठेवता? त्यांच्या दृष्टीने टीव्ही म्हणजे तेच होतं, एकदा दाखवलं की हवेत गेलं. नाटकासारखं. बालगंधर्वांचा रंगमंचावरचा प्रयोग हरवला म्हणून कोणी कोणावर खटला भरतं का? पन्नास वर्षांनी बसून त्यांना शहाणपण शिकवणं सोपं आहे. माझ्या आईने माझ्या चौथीच्या वह्या रद्दीत दिल्या, उद्या मी मोठा झालो तर म्हणाल आई निष्काळजी.

खारे_दाणे:
वाट बघतोय आम्ही, कधी होताय मोठे.

लेस्टरची_सून:
धागा मस्त. एक आपल्या कामाची गोष्ट सांगू का, या मालिकेची पहिली गोष्ट दिग्दर्शित केली ती लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी! तेव्हा वय वर्षं २४. लेखिका अतिया हुसेन यांचे हे चिरंजीव. आणि त्यांनीच पुढे केलेली 'मार्को पोलो' ही सात भागांची गोष्ट (सातातले सहा भाग त्यांचे, एक दुसऱ्याचा), १९६४ ची, सातच्या सात हरवलेत. इतक्या देशांना विकली होती तरी एकही नाही. सेटचे रंगीत फोटो आहेत, कुबलाईखानाचा दरबार, काय सुंदर कपडे. मालिका मात्र काळीपांढरी, तीही गेली. मला 'वेब ऑफ फिअर'पेक्षा हीच हवी आहे.

सासरे इथेच वाढलेले, लहानपणी सोफ्यामागे लपून बघायचे म्हणतात. त्यांना विचारलं सापडावं का, तर म्हणाले मला सोफा सापडला तरी चालेल.

मुंजा:
सोफा, हाहा. +१.

हरवण्यावरून आमच्या घरचा किस्सा. माझी मुंज १९९५ च्या मे महिन्यात, व्हिडिओ शूटिंगवाला बोलावलेला, तीन तासांची व्हीएचएस कॅसेट. पुढच्या मार्चमध्ये वर्ल्डकपची सेमीफायनल, भारत-श्रीलंका, ईडन गार्डन. बाबांना ऑफिसातून यायला उशीर होणार म्हणून काकाला सांगितलं मॅच टेप करून ठेव. काकाने हाताला लागेल ती कॅसेट घेतली. आता बाबा हुशार, त्यांनी मुंजीच्या कॅसेटची मागची प्लास्टिकची खुट्टी आधीच मोडून ठेवलेली, म्हणजे त्यावर काही टेप होऊच नये. पण काका त्यांच्यापेक्षा हुशार, त्याने त्या भोकावर सेलोटेप लावली.

तर ती मॅच तुम्हाला आठवत असेल, आपली पडझड झाली, लोकांनी बाटल्या टाकल्या, मॅच अर्ध्यात थांबवून श्रीलंकेला दिली. विनोद कांबळी रडत बाहेर येतो. आमच्या कॅसेटवर कांबळी डोळे पुसत चाललाय आणि एकदम खर्र करून चित्र हलतं आणि मी मुंडण करून आजीच्या मांडीवर लाडू खातोय. मॅच पूर्ण झाली असती तर तेवढंही राहिलं नसतं. आजी त्याच वर्षी गेली. तिचं हलतंबोलतं एवढंच आहे आमच्याकडे, साडेचार मिनिटं, तेही पब्लिकने बाटल्या टाकल्या म्हणून.

चकली_ताई:
मुंजा __/\__ हसू की रडू.

जुना_टेपवाला:
मुंजा, त्याच चालीची गोष्ट तिकडेही आहे. 'टेन्थ प्लॅनेट' नावाच्या गोष्टीचा चौथा भाग, ऑक्टोबर १९६६. यात पहिला डॉक्टर कोसळतो आणि त्याच्या जागी दुसरा नट येतो, म्हणजे ही मालिका आजवर चालली ती ज्या युक्तीवर, ती युक्ती पहिल्यांदा इथे केली. भाग हरवला. पण चेहरा बदलतो ते काही सेकंद वाचलेत, कारण १९७३ मध्ये मुलांच्या 'ब्लू पीटर' कार्यक्रमात तेवढा तुकडा दाखवला होता आणि तो कार्यक्रम कोणी पुसला नाही.

याहून मजेशीर म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या सेन्सॉरने मुलं घाबरतील म्हणून कापलेले तुकडे. भाग गेले, कापलेले तुकडे सरकारी दफ्तरात पडून राहिले, नव्वदच्या दशकात मिळाले. म्हणजे काही भागांचं आज फक्त तेवढंच शिल्लक आहे जे दाखवायचं नाही असं ठरलं होतं.

शंकासूर:
हे मात्र जबरी आहे.

प्रभातफेरी:
इथे सगळे साहेबाच्या मालिकेसाठी गळा काढताय, आपलं काय? 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढंच शिल्लक. 'आलम आरा', १९३१, देशाचा पहिला बोलपट, एक फूट फिल्म नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश' गेला. पुण्यात पी. के. नायर यांनी डबे गोळा करत आयुष्य घातलं म्हणून जे आहे ते आहे. त्या जुन्या फिल्म नायट्रेटच्या असायच्या, पेट घेतात, त्यामुळे मालिकेचे डबेही जळालेच असणार, उगाच कोणी लपवलाय वगैरे गूढकथा कशाला.

जुना_टेपवाला:
प्रभातफेरी, मुद्दा मान्य पण फिल्मची गल्लत झाली. नायट्रेट ही ३५ मिमीची भानगड. १६ मिमी सुरुवातीपासून सेफ्टी फिल्मच, ती भडकत नाही. तिला दुसरा रोग, कुजायला लागली की व्हिनेगरचा वास येतो. डबा उघडल्या उघडल्या नाकाला कळतं.

खारे_दाणे:
आमच्या फ्रिजमध्येही बहुतेक एक हरवलेला भाग आहे.

प्रभातफेरी:
दुरुस्तीबद्दल धन्यवाद. गळा काढण्याबद्दलचं मत कायम.

भुयारी_मार्ग:
प्रभातफेरी, वेगळा धागा काढा ना हरिश्चंद्रावर, मी पहिला येईन. इथे माझा दुसरा प्रश्न सगळ्यांनी बाजूला ठेवलाय. न सापडलेलाच बरा असं कोणी का म्हणेल?

सायबर_सुतार:
कारण त्याचं तोंड पोळलंय. मी सांगतो, मीही या पंथातलाच, पुण्यात आम्ही जेमतेम दहाबारा जण असू.

'टूम ऑफ द सायबरमेन' नावाची १९६७ ची गोष्ट. चारही भाग हरवलेले. ज्यांनी लहानपणी पाहिली ते वीस-पंचवीस वर्षं सांगत होते की असलं काही पुन्हा झालं नाही. बर्फातल्या थडग्यातून प्लास्टिक फाडून लोखंडी माणसं बाहेर येतात, काय तो प्रसंग. मग हाँगकाँगला चारही डबे मिळाले, १९९२ मध्ये व्हिडिओ कॅसेट आली, धडाक्याने खपली. आणि बऱ्याच जणांचा चेहरा पडला. वाईट नाहीये हो, थडग्याचा प्रसंग खरंच भारी आहे. पण एका मारामारीत तार दिसते, बाहुला उचलून फेकलाय ते कळतं, आणि सायबरमॅनची छाती पोकळ वाजते. पंचवीस वर्षं लोकांनी जे मनात बांधलं होतं त्याच्यापुढे तो बिचारा खरा भाग काय टिकणार.

गोऱ्याला तेच म्हणायचं असेल.

लेस्टरची_सून:
सायबर_सुतार, अर्धीच गोष्ट सांगितलीत! उलटही झालंय की. त्याच जोसच्या डब्यांत 'एनिमी ऑफ द वर्ल्ड' होती. सहापैकी एकच भाग आधी उपलब्ध होता, तिसरा, आणि नेमका तोच सगळ्यात रटाळ, स्वयंपाकघरात एक आचारी कुरकुर करत बसलेला असतो. त्या एका शितावरून लोकांनी भाताची परीक्षा केली, वर्षानुवर्षं सगळे म्हणायचे ही गोष्ट टाकाऊ. बाकीचे पाच आल्यावर कळलं की अरे, पॅट्रिक ट्राउटनने यात दुहेरी भूमिका केलीये, डॉक्टर आणि खलनायक सालामँडर दोन्ही, आणि दोन्ही वेळी माणूस वेगळाच वाटतो. आज लोक तिला फार वरची मानतात. म्हणजे तुमचा गोरा म्हणतोय ते ऐकलं असतं तर त्या नटाचं काम पन्नास वर्षं बदनामच राहिलं असतं.

नको_तो_वाद:
बरोबर बोललात. आवडेल की नाही हा माझा प्रश्न झाला. ज्याने केलं त्याला त्याचं काम परत मिळायला नको? टेपवाल्यांच्या शाहिरांना विचारा, माझा कार्यक्रम सापडला तर वाईट वाटेल का म्हणून.

जुना_टेपवाला:
विचारायला ते राहिले नाहीत.

गुपचूप:
नेहमी वाचतो, पहिल्यांदा लिहितोय. संग्राहकांबद्दल कोणी बोललं नाही. माझे एक परिचित जुन्या ध्वनिमुद्रिका जमवतात, ७८ च्या, लाखेच्या. त्यांच्याकडे अशा तबकड्या आहेत ज्यांची दुसरी प्रत ऐकिवात नाही. कोणाला ऐकवत नाहीत. विचारलं तर म्हणतात सगळ्यांकडे झाली की माझ्याकडे काय राहिलं. तिसऱ्या भागाचा डबा अशाच कोणाच्या तरी पलंगाखाली असणार आणि त्या माणसाला तो बघण्यापेक्षा तो आपल्याकडे आहे यातच सुख असणार.

शंकासूर:
असल्या लोकांना पोकळ बांबूचे फटके. ही काय खाजगी मालमत्ता आहे?

गुपचूप:
शंकासूर, कायद्याने फिल्म त्याची, हक्क बीबीसीचे. फटक्यांची भीती घातली की तो आणखी खोल लपवणार. उलट ज्यांनी परत दिले त्यांच्या कहाण्या बघा. २०११ मध्ये दोन भाग आले, ते एका निवृत्त अभियंत्याने जत्रेतल्या जुन्यापान्या सामानात घेतलेले, त्याला कल्पनाच नव्हती की दुसरीकडे ते नाहीत. १९८३ ला दोन तर लंडनमध्ये एका चर्चच्या तळघरात निघाले. बरेचसे लपवलेले नसतात, कोणी बघितलेलं नसतं एवढंच.

खारे_दाणे:
आपल्याकडे मुंबई-पुण्यात एखादा निघेल का? म्हणजे मी माळा आवरायला घेऊ का?

भुयारी_मार्ग:
घ्या, पण दुसऱ्या कारणासाठी. हे भाग विकले जात होते तेव्हा मुंबईत टीव्हीच नव्हता. दिल्लीला १९५९ ला सुरू झाला, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२.

डोंबिवलीची_आत्या:
मी सकाळपासून वाचते आहे, मालिका मला काही ठाऊक नाही. पण भुयारी_मार्ग, तुम्ही सुरुवातीला लिहिलंत की चित्र नाही आणि आवाज आहे. तो आवाज कुठून आला? टेप पुसली तर आवाजही जायला हवा ना.

भुयारी_मार्ग:
आत्या, हाच सगळ्यात भारी भाग, मी लिहायचाच विसरलो. २०१३ च्या त्या शोधानंतर ९७ भाग हरवलेले उरले, आणि त्या सत्त्याण्णवच्या सत्त्याण्णव भागांचा आवाज शिल्लक आहे. कारण तेव्हाची पोरं. शनिवारी संध्याकाळी टीव्हीच्या स्पीकरसमोर माइक धरून रिळाच्या टेपरेकॉर्डरवर टेप करायची, घरच्यांना दटावायची की बोलू नका. ती पोरं म्हातारी झाली तेव्हा कळलं की जगातली एकमेव प्रत आपल्या खोक्यात आहे. चित्र नाही ते लोक फोटोंनी किंवा अॅनिमेशनने भरून काढतात. 'वेब ऑफ फिअर'च्या तिसऱ्यालाही २०२१ मध्ये अॅनिमेशन केलं, मला नाही आवडलं, बाहुल्या चालल्यासारखं वाटतं. फोटो बरे.

डोंबिवलीची_आत्या:
मग मी एक सांगू का. आमच्याकडे टीव्ही चाळीत पहिला आला होता, त्यामुळे 'चिमणराव' लागायचं तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नसे. चि. वि. जोशींचे चिमणराव म्हणजे दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे, आता नवीन मुलांना कदाचित नावं माहीत असतील नसतील. माझ्या थोरल्या भावाने नवीन कॅसेटवाला टेपरेकॉर्डर घेतला होता आणि तो असाच टीव्हीसमोर स्टुलावर ठेवून एक भाग टेप केला होता. दादा ओठांवर बोट ठेवून उभा आणि नेमकी आईच्या कुकरची शिट्टी. तीन शिट्ट्या झाल्या, दादा दर शिट्टीला कपाळावर हात मारायचा. नंतर कित्येक महिने आम्ही ती कॅसेट लावायचो, आम्हाला विनोद पाठ आणि शिट्ट्यांच्या जागाही पाठ. कोणता भाग होता ते मात्र आज आठवत नाही.

प्रभातफेरी:
आत्या!!! ती कॅसेट कुठे आहे?

जुना_टेपवाला:
आत्या, हेच विचारतो. अगदी हात जोडून. शोधा.

सायबर_सुतार:
धाग्याचं नाव बदला राव.

डोंबिवलीची_आत्या:
अहो पंचेचाळीस वर्षं झाली असतील. दादा गेला, वहिनी मुलाकडे बंगळुरूला. त्यांचं थोडं सामान आमच्या माळ्यावर आहे खरं. नातू शनिवारी येतो, त्याला चढवते वर.

खारे_दाणे:
शनिवारपर्यंत इथे कोणी झोपणार नाही.

चकली_ताई:
आज रविवार. आत्या?

डोंबिवलीची_आत्या:
सापडली. म्हणजे कॅसेट सापडली. दादाच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बारा कॅसेट होत्या, त्यातल्या एकीवर त्याच्या अक्षरात 'चिमणराव' लिहिलंय, निळ्या शाईत. पण त्यावर आडवी रेघ मारून खाली आईच्या अक्षरात 'हरिपाठ'.

शंकासूर:
अरेरेरे.

मुंजा:
सगळ्या घरात एक काका असतोच. तुमच्याकडे आई होती.

नको_तो_वाद:
थांबा, आशा सोडू नका. हरिपाठ अर्ध्या तासाच्या आत संपला असेल तर शेवटी काहीतरी उरलेलं असू शकतं. मुंजाच्या कांबळीसारखं.

डोंबिवलीची_आत्या:
तेच मनात आलं. पण भुयारी_मार्ग, तुमच्या त्या साहेबाचं म्हणणं आता मला जरा कळायला लागलंय. सकाळपासून कॅसेट हातात घेऊन बसलेय, लावायचा धीर होत नाही. नाही लावली तर आत दादा आहे, चिमणराव आहेत, शिट्ट्या आहेत. लावली आणि पूर्ण हरिपाठच निघाला तर मग काहीच नाही.

लेस्टरची_सून:
पूर्ण हरिपाठ निघाला तर आईचा आवाज निघेल ना आत्या? की विकतच्या कॅसेटवरून उतरवलेला?

डोंबिवलीची_आत्या:
अगंबाई. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे शेजारपाजारच्या बायका जमून म्हणायच्या. आई पेटीवर असायची.

जुना_टेपवाला:
मग लावायलाच हवी. पण हाताला येईल त्या प्लेअरवर लावू नका, जुनी टेप आहे, गुंडाळली जाईल. माझ्याकडे चांगला डेक आहे, ठाण्यालाच आहे मी. फक्त त्याचा बेल्ट सैल झालाय, या आठवड्यात लॅमिंग्टन रोडला जाऊन नवीन आणतो. पुढच्या रविवारी या, एका बाजूने संगणकावर उतरवून घेत घेतच ऐकू, म्हणजे तुटली तरी आवाज राहील. तोवर एकच काम करा. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन टोकांना दोन खुट्ट्या असतात, त्या दोन्ही मोडून टाका. माझ्या हातून पुन्हा काही पुसलं जायला नको.

डोंबिवलीची_आत्या:
चष्मा लावून बघितलं. एका बाजूची खुट्टी आधीच मोडलेली आहे, दादाने मोडली असणार. त्या भोकावर सेलोटेप आहे, पिवळी पडलेली. ती काढू का तशीच ठेवू?